मामा तलावाच्या नोंदीसाठी कॅमेरा: सुरुवातीचा डीएसएलआर की वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट?

बोडीवाला

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावाच्या जैवविविधता समितीसाठी कॅमेरा घ्यायचा आहे. हाती ४५ हजार आहेत, त्यातच कार्ड, पिशवी, जादा बॅटरी सगळं बसवायचं. माजी मालगुजारी (मामा) तलावातल्या वनस्पती आणि मासे, धानाच्या बांध्यांतले किडे, तलावावरचे पक्षी (सारस आले तर तेही) आणि ग्रामसभेचे फोटो एवढं काम आहे. यातले निवडक फोटो ३ बाय २ फुटांच्या फलकावर छापायचे आहेत.

दुकानदार म्हणतो डीएसएलआर घ्या, लेन्स बदलता येते. समितीतली पोरं म्हणतात वॉटरप्रूफ घ्या, डोंग्यातून पडला तरी चिंता नाही. ई-पीक पाहणी मोबाईलच्या ॲपवरून होते, ते काम यात धरू नका. काय घ्यावं जी?

धुऱ्यावरचा

आधी एक कागद घ्या आणि वर्षभरात कशाकशाचे फोटो लागतात ते लिहा. प्रत्येकापुढे कॅमेऱ्यापासूनचं अंतर टाका: एक फुटाच्या आत, एक फूट ते दहा पावलं, की त्याहून लांब. पाऊस, चिखल, पाणी असेल तिथे फुली मारा. मेगापिक्सेलचं नंतर पाहू. हा कागद नसेल तर इथे पन्नास प्रतिसाद येतील आणि तुम्ही आहात तिथेच राहाल.

भरदुपार

कागद कशाला? डीएसएलआर घ्या, मोकळे व्हा. कॅनन १५००डीचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमीचा. वॉटरप्रूफमध्ये ऑलिंपस टीजी-६ किंवा आताचा ओएम सिस्टीम टीजी-७ घेतला तर सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळात बारा पटींचा फरक पडतो. टीजीचं भिंग एफ/२ आहे (हा आकडा लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं) म्हणून कोणी भुलवलं तर भुलू नका. सेन्सरच्या आकाराचा हिशेब लावला तर रुंद बाजूला कॅमेऱ्यासोबत येणारी साधी १८-५५ किट लेन्ससुद्धा एफ/३.५ वर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त उजेड गोळा करते, आणि झूमच्या टोकाला हा फरक तीन स्टॉपपर्यंत जातो. समाजमंदिरात संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ग्रामसभा भरली की हा फरक थेट चेहऱ्यांवर दिसतो. डीएसएलआरवर आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायची संवेदनशीलता) ३२०० छापण्याजोगा निघतो, टीजीवर ८०० च्या वर गेलं की केस आणि डोळे लिंपल्यासारखे होतात.

पाणकावळा

सभेपुरतं भरदुपार यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण सभा महिन्यातून एकदा, आणि तलाव रोजचा.

धानाचंच घ्या. तपकिरी तुडतुडे पानावर बसत नाहीत, बुंध्याशी, पाण्याच्या वर चार बोटांवर असतात. मोठा तुडतुडा ३-४ मिमीचा. त्याचा फोटो काढायचा तर कॅमेरा दोन चुडांच्या मधे, चिखलाला टेकेल इतका खाली न्यावा लागतो. टीजी ११३ × ६६ × ३२ मिमीचा, तळहातावर मावतो. मायक्रोस्कोप मोड लावा, भिंग किड्यापासून १ सेमीपर्यंत न्या, फोकस घेतो. बुंध्यापाशी अंधार असतो आणि इतक्या जवळ कॅमेऱ्याची सावलीही पडते, म्हणून भिंगाभोवती बसणारी एलजी-१ ही कडी घ्या. ती कॅमेऱ्याच्याच एलईडीचा उजेड गोल फिरवून पुढे देते, तिला वेगळी बॅटरी लागत नाही. फोकस स्टॅकिंग चालू केलं की कॅमेरा वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन आतल्या आत एक जोडतो. मात्र वारा असेल तर जोड फसतो, किड्याला सहाच्या जागी नऊ पाय दिसतात. सकाळी सातच्या आत जा, वारा पडलेला असतो आणि किडाही सुस्त असतो.

डीएसएलआरच्या किट लेन्सला कमीत कमी २५ सेमी अंतर लागतं. त्यात तुडतुडा म्हणजे एक ठिपका. गादमाशीचा चंदेरी पोंगा टिपायचा असेल तर तेवढं पुरतं, तो कोणत्याही कॅमेऱ्यात येतो.

भरदुपार

कॅननच्या ५५-२५० झूम लेन्सवर रेनॉक्स डीसीआर-२५० चिमट्यानं लावा. जवळचं मोठं दाखवणारं ८ डायॉप्टरचं भिंग आहे, २५० मिमीवर सेन्सरवर खऱ्याच्या दुप्पट आकार मिळतो, म्हणजे सव्वा सेंटिमीटरपेक्षाही अरुंद जागा पूर्ण चौकट भरते. टीजीला मागे टाकेल.

पाणकावळा

भरेल, पण त्या मोठेपणावर एफ/११ ला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी जाडी स्पष्ट येते, आणि फोकस अंग पुढेमागे करून साधावा लागतो. चिखलात गुडघाभर पाय रुतलेला माणूस अंग पुढेमागे कसं करणार? पऱ्हाटीवर (कापसावर), कोरड्या वावरात, हे जमतं. बांधीत नाही.

बोडीवाला

म्हणजे पाण्याखालच्या कामालाही वॉटरप्रूफच ना? १५ मीटरपर्यंत चालतो असं लिहिलेलं पाहिलं. आमचा तलाव भर पावसाळ्यातही तीन-चार मीटरच्या वर खोल नाही.

पाणकावळा

इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

१५ मीटर हा आकडा कॅमेऱ्याच्या जिवाचा आहे, फोटोचा नाही. गढूळ पाण्यात कॅमेरा जिवंत राहील, पण त्याला दिसणार काही नाही. आधी पाणी तपासा. एका पांढऱ्या बशीला दगड आणि दोरी बांधा, दोरीला दर १० सेमीवर गाठ मारा, डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं सोडा. बशी दिसेनाशी झाली की गाठी मोजा. बशी ६० सेमीवर हरवली तर फोटोचं अंतर त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवा, म्हणजे १५ ते २० सेमी. त्यापुढचं सगळं हिरव्या धुक्यात जातं. रोवणीच्या दिवसांत येव्याचं, म्हणजे आजूबाजूनं वाहून येणारं, पाणी तलावात उतरत असतं तेव्हा बशी वीतभरावरच गायब होते. त्या दिवसांत पाण्याखालचा नाद सोडा. पाऊस थांबून गाळ बसला की, नोव्हेंबर ते जानेवारी, चिला आणि इतर बुडालेल्या वनस्पतींचे फोटो चांगले येतात. वेळ दहा ते दोन, सूर्य माथ्यावर असताना. तिरपं ऊन पाण्यावरूनच परत फिरतं.

फ्लॅश बंद. पाण्यातला प्रत्येक कण फ्लॅशनं उजळतो आणि चित्रावर पांढरी खसखस पसरते. झूम पूर्ण मागे ठेवा आणि कॅमेराच जवळ न्या. सपाट काचेतून पाण्यात सगळं सव्वा-दीड पट जवळ भासतं, त्यामुळे २५ मिमीचं रुंद भिंगही ३३ मिमीसारखं वागतं. रंगासाठी पाण्याखालचा तयार मोड समुद्राच्या निळ्या पाण्याला बरा पडतो, तलावाच्या हिरव्या पाण्यात चुकतो. तीच पांढरी बशी पाण्यात धरा आणि तिच्यावर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसेल अशी जुळवणी) हातानं घ्या.

डोंग्यातून वाकायचं नसेल तर कॅमेरा बांबूला बांधा. मात्र पाण्याखाली वाय-फाय वीतभरही चालत नाही, मोबाईलवरून बटण दाबायचा बेत करू नका. ४के व्हिडिओ चालू करून बांबू सावकाश खाली सोडा आणि नंतर त्यातून चौकटी काढा. ८ मेगापिक्सेलची चौकट ओळख पटवायला भरपूर होते.

काचपेटी

माशांसाठी वॉटरप्रूफ घेऊ नका, एवढं मी ठाम सांगतो. तलावात पोहणाऱ्या माशाचा ओळखण्याजोगा फोटो गढूळ पाण्यात मिळत नाही. जाळ्यात आलेला मासा काचेच्या पेटीत घेऊन काढायचा असतो, आणि त्या कामी डीएसएलआर सरस.

पेटी घरी होते. ४ मिमी काच, आतून २५ सेमी लांब, १५ उंच, ६ रुंद. काचवाल्याकडून पाच तुकडे कापून घ्या, कडा घासून घ्या, मत्स्यटाकीचं सिलिकॉन लावा, दोन दिवस सुकू द्या, मग दोनदा पाणी भरून ओता. सहावा तुकडा आत सैल बसेल असा, दोन्ही बाजूंनी थोडा लहान. मासा पेटीत सोडला की हा तुकडा मागून हळूच पुढे सारायचा, मासा पुढच्या काचेशी समांतर येतो. दाबायचं नाही, फक्त वळायला जागा ठेवायची नाही. पाणी सव्वादोन लिटर मावतं. ते त्याच तलावाचं घ्या, चार पदरी कापडातून गाळून. नळाचं नको, क्लोरीन असतं. पाणी तासभर आधी भरून ठेवा, नाहीतर काचेवर बारीक बुडबुडे धरतात आणि फोटोत ते खवल्यांवरच्या डागांसारखे दिसतात.

पेटीमागे सहा इंचांवर काळं कापड. पेटी झाडाच्या सावलीत, वरून मोकळं आभाळ. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडू नका, काचेत सरळ परत येतो. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून लेन्सवर चढवा, म्हणजे काढणाऱ्याचा चेहरा काचेत दिसत नाही. ५५ मिमी, एफ/८, १/१२५, आयएसओ ४०० ते ८००. काचेला लेन्स काटकोनात, तिरपी झाली की डोक्याकडचा भाग पुसट येतो. माशाचं तोंड डावीकडे, पर पसरलेले, काचेवर चिकटवलेली मोजपट्टी चौकटीत. दोन-तीन मिनिटांत मासा परत पाण्यात. मरळ या पेटीत शांत बसत नाही आणि उडीही मारते, वर जाळीचा तुकडा टाका.

धुऱ्यावरचा

पेटीतून टीजीनंही येईल की. झूम पूर्ण पुढे नेलं तर वाकडेपणा येत नाही. उजेड चांगला असला की छापलेल्या फलकावर फरक शोधावा लागेल. ३ फूट रुंदीला २४ मेगापिक्सेल म्हणजे इंचाला १६६ ठिपके, १२ मेगापिक्सेल म्हणजे १११. चार-पाच फुटांवरून वाचायच्या फलकाला १११ पुरतात.

टीजी खरा मार खातो तो पक्ष्यांत. सारस दीडेक मीटर उंच. तो १५० मीटरवर उभा आहे असं धरा, त्याच्या जवळ जायचंही नसतं. टीजीचं झूम पूर्ण लावून तो चौकटीत साधारण १२० पिक्सेल उंच येईल, त्यात पायातली कडी सोडा, मानेचा लाल रंगही धड दिसणार नाही. कॅननवर २५० मिमी लावलं तर ७०० च्या आसपास, निकॉनच्या डी३५०० सारख्या डीएसएलआरवर ३०० मिमी लावलं तर ८०० च्या जवळ. यावर कोणता तोडगा नाही. डिजिटल झूम म्हणजे तेच १२० पिक्सेल ताणणं.

पऱ्हाटी

यवतमाळकडून लिहितो. सगळे पाण्यावर बोलताहेत, धुळीवर कोणी बोलेना.

विदर्भात डीएसएलआर पावसानं कमी आणि धुळीनं जास्त बिघडतो. पाऊस दिसतो म्हणून माणूस झाकतो. मार्च ते जूनची माती, जिनिंगजवळचं कापसाचे तंतू, मळणीचा भुसा हे लेन्स बदलताना गुपचूप आत जातं. आणि १५००डी किंवा निकॉन डी३५०० दोन्हींत सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय नाही, ती वरच्या मॉडेलांत असते. तपासायचं असं: एफ/२२ लावा, फोकस हातानं पूर्ण बिघडवा, कोऱ्या आभाळाचा फोटो घ्या. करडे गोल ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. रबरी ब्लोअरनं, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, सेन्सर साफ करायच्या मेनूत जाऊन फुंका. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते आणि मग साधा ठिपका ओल्या डागात बदलतो. डब्यातली दाबाची हवाही नको. वावरात लेन्स बदलायचीच नाही, सकाळी घरी ठरवून लावा आणि संध्याकाळी घरीच काढा.

दुसरं उन्हाचं. दोन्ही जातीच्या कॅमेऱ्यांची वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंत लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५. गाडीच्या डिकीत, टाकीवरच्या पिशवीत ठेवू नका. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळायचा मोह होतो, तोही नको. पांढऱ्या कापडाच्या पिशवीत, सावलीत, बस्स.

बोडीवाला

पावसाळ्यात बुरशीचं काय? इथे ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तांदळाच्या कोठीत ठेवला तर ओल शोषली जाते म्हणतात.

पऱ्हाटी

धानाच्या देशात हा सल्ला हमखास निघतो. तांदूळ ओल फार थोडी ओढतो आणि त्याचा बारीक कोंडा मात्र बटणांत जाऊन बसतो. भात शिजवा, कॅमेरा वेगळा ठेवा.

रबरी कड असलेला १५-२० लिटरचा हवाबंद डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली गेला तर पुरचुंडी निम्मी करा, अति कोरड्यात रबर आणि वंगण खराब होतं. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी हिरवं झालं की ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, भाकरीच्या तव्यावर तापवू नका, जुना पत्र्याचा तुकडा वापरा. चामड्याची पिशवी त्या डब्यात ठेवू नका, बुरशी बहुधा तिच्यातूनच येते. लेन्स आठवड्यातून एकदा तासभर उजेडात वापरली तरी बुरशीला आळा बसतो.

पाणकावळा

टीजीलाही ओल लागते, वेगळ्या वाटेनं. बॅटरीचं आणि तारेचं अशी दोन दारं, दोन्हींना रबरी सील. दार उघडताना तलावावरची दमट हवा आत गेली आणि मग तापलेला कॅमेरा गार पाण्यात बुडवला, की ती ओल काचेच्या आतून धुकं धरते. ते पुसता येत नाही, वाट पाहावी लागते. म्हणून दारं घरी, कोरड्या खोलीत बंद करा आणि तलावावर उघडूच नका. बॅटरी ३०० च्या वर फोटो देते, दिवस निघतो.

दार बंद करण्याआधी सीलवरून नजर आणि बोट फिरवा. एक केस, वाळूचा एक कण, शेवाळाचा धागा, एवढ्यानं पाणी आत जातं. कुलपाचा खटका पूर्ण सरकला का पाहा. तलावातून आल्यावर बादलीभर स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा म्हणजे गाळ सुटतो, मग पुसून, तोंड खाली करून दार उघडा. सील वर्षाला एकदा बदलून घ्यायची असतात, त्याची रक्कम आत्ताच बाजूला काढा. आणि भिंगावरचे थेंब दुपट्ट्यानं पुसू नका, त्यात माती असते. आधी पाण्यानं धुवा.

आत पाणी गेलं तर वॉरंटीची आशा धरू नका, दार नीट लावलं होतं हे सिद्ध कसं करणार? गावातल्या दुरुस्तीवाल्यानं एकदा उघडला की तो कॅमेरा पावसापुरता राहतो, कारण दाबाची चाचणी करायला लागणारं यंत्र त्याच्याकडे नसतं.

भरदुपार

चार्जिंगचं मान्य करतो. टीजी यूएसबीवर, म्हणजे पॉवर बँकेवर किंवा सोलरवर चार्ज होतो. १५००डी आणि डी३५०० ला भिंतीचा चार्जरच लागतो, लाइन गेली की बसा. पण डी३५०० एका बॅटरीवर ठरावीक चाचणीत १५५० फोटो देतो, १५००डी ५०० देतो. डी३५०० आता नवा बनत नाही, जुन्यात पाहावा लागेल.

जुना घेताना: निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच शटर किती वेळा चाललं ते लिहिलेलं असतं, दुकानात एक फोटो काढून संगणकावर वाचा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून टॉर्च मारा, जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सोडून द्या. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स घ्या, नाहीतर हातानं फोकस करत बसाल. कॅननचा ३०००डी स्वस्त दिसेल, पण लेन्स बसते ती कडी (माउंट) प्लॅस्टिकची आणि चष्मेवाल्यांसाठी आयपीसची जुळवणीसुद्धा नाही. समितीच्या कॅमेऱ्यावर दहा हात पडणार, तो नको.

जुना वॉटरप्रूफ मात्र कधीच घेऊ नका. एकदा दगडावर आपटलेला असेल तर बाहेरून कळत नाही, पाण्यात कळतं.

बोडीवाला

कागद केला धुऱ्यावरचे भाऊ. वर्षाच्या ८६ नोंदी निघाल्या. त्यातल्या ५१ एक फुटाच्या आत, ३४ ना फुली. दहा पावलांच्या पलीकडे फक्त १३, सगळे पक्षी. उरलेल्या मधल्या, सभा धरून. समितीचा कल टीजीकडे आहे. काचपेटी करतोच, आणि पक्ष्यांच्या दिवसांत ७०-३०० लेन्स लावलेला कॅमेरा भाड्यानं किंवा उसना.

काचपेटी

माझं मत अजून वेगळंच आहे. उसना कॅमेरा सारस येतील त्या दिवशी मिळत नाही. पण पेटी करताय ना, मग झालं. सिलिकॉन घेताना बुरशीनाशक घातलेलं न्हाणीघराचं घेऊ नका, मासा मरतो.

भरदुपार

सभेला टीजी न्याल तेव्हा झूम मागेच ठेवा आणि स्वतः पुढे जा. झूम केलं की एफ/४.९, मग सगळं हललेलं. कोपर टेबलावर टेकवा.

बोडीवाला

एक शेवटचं. हा डोंग्यातून पडला तर तरंगतो का?

पाणकावळा

नाही, टीजी-६ भरतो २५३ ग्रॅम, सरळ गाळात जातो आणि तिथून सापडत नाही. तरंगता पट्टा मिळतो. तो येईपर्यंत १० × ५ × ४ सेमीचा थर्माकोल केशरी कापडात शिवून नायलॉनच्या दोरीनं मनगटपट्ट्याला बांधा. आधी कॅमेऱ्याच्या जागी पाव किलोचा दगड फडक्यात बांधून बादलीत सोडून पाहा. तरंगला की कॅमेरा लावा.